कप्तान काटे आणि सेंट झिटाचा फ्रिज

आमच्या हॅडली पॉइंट गावात साठी उलटलेल्या प्रत्येक पुरुषाला दोन दुखणी असतात. एक गुडघ्याचं आणि दुसरं "माझ्या आईनं माझी कार्डं फेकून दिली" हे. यातला गुडघा बदलून मिळतो.

दुसऱ्या दुखण्याला औषध नाही, कारण रोग्याला ते बरं व्हायलाच नको असतं. लग्न असो, मयत असो, नाहीतर ईरी सरोवरावरच्या बर्फात भोक पाडून मासा लागायची वाट बघत बसणं असो, कुणीतरी सुस्कारा सोडतो आणि म्हणतो, "आज ती असती ना..." मग सगळे टोप्या काढल्यासारखे गप्प होतात. अशा वेळी नवख्या माणसाला वाटतं, याची पहिली बायको वारली असावी.

आता ही कार्डं काही संतांच्या तसबिरी नव्हत्या. त्यांचं नाव 'वाह्यात वाणसामान'. च्युइंगमच्या पाकिटातून स्टिकर निघत, आणि त्यांच्यावर आपापल्या आया दुकानातून आणत त्याच वस्तूंची टिंगल असे. 'काळोखी' कपड्यांची पावडर: पांढरं कापड एकाच धुण्यात काळं. 'कवळी' टूथपेस्ट: दात असलेल्यांनी वापरू नये. 'आजोबांचे मोजे' चीज: वास आला नाही तर पैसे परत. सोबत गमची एक गुलाबी पट्टी असे. ती चघळली तर पुठ्ठा, न चघळली तर कौल. पोरं शाळेच्या पायऱ्यांवर गठ्ठे घेऊन बसत. समोरच्यानं एकेक स्टिकर दाखवायचा आणि आपण मंत्र म्हणायचा, "आहे, आहे, आहे, आहे, नाही!" या 'नाही'वर आवाज चढला की समोरच्याचा भाव चढायचा. म्हणून शहाणी पोरं 'नाही' हे जांभई देत म्हणायची. आमच्या गावातले दोन वकील आणि एक मोटारविक्रेता त्याच पायऱ्यांवर तयार झाले.

आणि या सगळ्यांचा राजा 'कप्तान काटे'. गोठवलेल्या माशांच्या खोक्याचं चित्र, त्यावर दाढीवाला सांगाडा हातात काटा घेऊन उभा, आणि खाली ओळ: 'तळलेले कुरकुरीत काटे. मासा वेगळा विकत घ्यावा.' कुठल्याशा मासेवाल्या कंपनीला राग आला म्हणे, आणि पहिल्या छपाईनंतर कप्तानसाहेब गायब झाले. ज्यांनी त्यांना पाहिलं ते पाहिलं म्हणत, बाकीचे त्यांना थापाडे म्हणत.

नॉर्बर्ट गोंडेकचं म्हणणं, त्याच्याकडे कप्तान होता. सगळा संच होता आणि वर कप्तान. आईनं फेकला.

नॉर्ब विमा कंपनीत दावे तपासायचा. पावसानं छत गळलं असं कुणी म्हटलं तर "पाऊसच कशावरून?" असं विचारणारा माणूस. दुसऱ्याच्या हानीची इतकी वर्षं चिरफाड केलेल्या या माणसानं स्वतःची हानी मात्र न तपासता मंजूर करून टाकली होती. शिवाय ती दरसाल वाढत होती. सुरुवातीला बुटांचं एक खोकं होतं, मग दोन झाली, मग ट्रंक. अलीकडच्या आवृत्तीत आई ती ट्रंक कचऱ्याच्या गाडीत टाकताना गाणं गुणगुणत होती.

ही आई म्हणजे आयरीनबाई. वय अठ्ठ्याऐंशी. तो वाढदिवस ईस्टरपूर्वीच्या उपवासांचा काळ सुरू होण्याआधीच्या रविवारी आला. नॉर्बनं जेवणाच्या टेबलावर, नातजावयाला नवीन म्हणून, ट्रंकेची कथा सुरू केली. गुणगुणण्यापर्यंत आला, तेवढ्यात आयरीनबाईंनी हातातला काटा ताटलीत ठेवला.

"मी नाही फेकली."

"अगं आई, गंमत असते ती."

"गंमत तुझी, नाव माझं. परवा दात दाखवायला गेले तर तिथली मुलगी विचारते, 'कार्डं फेकणाऱ्या आजी त्या तुम्हीच का?' तोंडात नळी होती म्हणून वाचली."

"मग गेली कुठे?"

"तळघरातल्या फ्रिजवर. तूच चिकटवलीस, एकूण एक. तू कॉलेजात गेलास आणि तुझ्या बाबांनी तो फ्रिज चर्चला देऊन टाकला."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? गावात सगळ्यांना सांगत होतास. मला सोडून."

इथे शहाण्या मुलानं आईच्या ताटलीत केकचा तुकडा वाढून विषय बदलला असता. पण नोकरी सुटली तरी जिभेची सवय सुटत नाही. नॉर्बच्या तोंडून शब्द निघून गेला, "पुरावा?"

त्याची बायको मार्सी हिनं डोळे मिटून घेतले.

"पुरावा?" आयरीनबाई म्हणाल्या. "देते. फ्रिज अजून सेंट झिटाच्या स्वयंपाकघरात आहे. त्यावर रंग दिलाय. रंगाखाली तुझी कार्डं निघाली तर शुक्रवारच्या जेवणावळीत माइकवर उभा राहायचं आणि सगळ्या गावासमोर सांगायचं, माझ्या आईनं फेकली नाहीत. नाही निघाली तर मी माइकवर येईन. मीच फेकली म्हणेन. माझ्या मृत्यूच्या बातमीतसुद्धा घाल हवं तर, सुगरण होती, प्रेमळ होती, कार्डं फेकली."

त्या दिवसापासून नॉर्बची झोप उडाली. कार्डं निघाली तर कप्तान काटे मिळणार, पण कथा जाणार. नाही निघाली तर कथा राहणार, पण अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई माइकवर जाऊन खोटा गुन्हा कबूल करणार. म्हणजे सापडावीत असंही वाटे आणि सापडू नयेत असंही. मार्सी म्हणाली, "सरळ सॉरी म्हणून टाक ना."

"तपासाशिवाय?" नॉर्ब म्हणाला.

आमच्याकडे फ्रिज मरत नाही, तो तळघरात उतरतो. वरच्या मजल्यावर नवा आला की जुना खाली जातो आणि बियर सांभाळतो. तळघरात घर मावेनासं झालं की तो चर्चला जातो, म्हणजे स्वर्गाच्या एक पायरी अलीकडे. सेंट झिटाच्या हॉलमधला हा फ्रिज तसाच आलेला. उपवासातल्या दर शुक्रवारी आम्ही मांस खात नाही, म्हणून हॉलमध्ये तळलेल्या माशाची जेवणावळ असते. बाप्तिस्म्यानंतर चर्चचं तोंड न पाहिलेली माणसंही त्या रांगेत भक्तिभावानं उभी असतात. जेवणावळीचा सगळा कोबी आणि सगळा पांढरा सॉस त्या एका फ्रिजात. नॉर्ब इतकी वर्षं त्याच्यापासून वीस पावलांवर बसून मासा खात आला होता. पण स्वयंपाकघरात पुरुषांनी पाऊल टाकायचं नाही, ही तिथली घटना.

घटनेच्या रक्षक लॉरेटा शिमान्स्की. नॉर्ब आजोबा झाला तरी त्यांना 'मिसेस शिमान्स्की'च म्हणायचा, आणि म्हणताना त्याची पाठ आपोआप ताठ व्हायची.

"मिसेस शिमान्स्की, फक्त जरासा रंग खरवडून बघायचाय."

"ईस्टरनंतर ये."

"आईचं वय अठ्ठ्याऐंशी आहे हो."

"माझं ब्याऐंशी आहे. मी थांबतेय ना?"

"बरं, तो रंग दिला कुणी?"

"माझ्या सासूनं. वर काहीतरी अभद्र होतं म्हणे. माशाबद्दल. लोक बाहेर मासा मागायचे आणि आत हे बघायचे."

माशाबद्दल! तो तडक फादर एमेकांकडे गेला. फादर नायजेरियाचे. आमच्या थंडीला मान देऊन घरातसुद्धा दोन कोट घालून बसायचे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मिस्टर गोंडेक, मी लग्न लावू शकतो. पापं धुऊ शकतो. सैतान काढायचा झाला तर बिशपना फोन करावा लागतो. पण फ्रिजवरचा रंग काढायचा तर मालमत्ता समितीला विचारावं लागतं." मग ते जरा पुढे झुकले. "बिशपना फोन लवकर लागतो."

समितीचा अध्यक्ष गस रुझिच्का. नॉर्बचा पायऱ्यांपासूनचा मित्र, आणि दुखणंही तेच. त्याच्या आईनं, हेलेनबाईंनी, त्याची कार्डं फेकली होती असं तो म्हणायचा. हेलेनबाई आता नव्वदीच्या होत्या आणि आयरीनबाईंच्या शेजारी बसून दर शुक्रवारी पिरोगीच्या, म्हणजे सारण भरून उकडायच्या करंज्यांच्या, कडा मुडपायच्या.

सभेत प्रश्न निघाला, रंग ही चर्चची मालमत्ता आहे का? एकाचं मत, फ्रिज चर्चचा म्हणजे रंगही चर्चचा. दुसऱ्याचं मत, रंग शिमान्स्की घराण्याचं दान आहे, वारसांना विचारा. तिसऱ्यानं, जो सभेला फक्त कॉफीसाठी येतो, विचारलं, "जुन्या रंगात शिसं असतं ना?" झालं. रंगाची एक खपली प्रयोगशाळेत गेली. तिथून उत्तर आलं, शिसं नाही. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की स्वयंपाकघरातल्या वस्तूला फक्त स्वयंपाकघरातला स्वयंसेवकच हात लावू शकतो. आणि स्वयंसेवक व्हायचं तर बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि हात कसे धुवावेत यावरचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो.

"गस, लेका, तू मला पाच वर्षांचा असल्यापासून ओळखतोस."

"म्हणूनच म्हणतो, ठसे दे."

ठसे उमटेनात. जन्मभर दुसऱ्यांचे कागद चाळून नॉर्बच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. यंत्रावर तीनदा बोटं दाबल्यावर तिथली बाई म्हणाली, "सर, तुम्ही बँक लुटायला हवी होती." चौथ्यांदा ठसे एकदाचे उमटले. हात धुण्याच्या परीक्षेत मात्र तो पहिल्याच झटक्यात पास झाला. मार्सीनं ते प्रमाणपत्र फ्रिजवर लावलं, घरच्या. आणि शेवटी लॉरेटाबाईंनी घटनादुरुस्ती करून डोक्याला जाळी लावण्याच्या अटीवर त्याला एका शुक्रवारी आत घेतलं.

आता रंग काढायचा कसा? खाली स्टिकर आहेत, त्यांना धक्का न लावता. हा प्रश्न नॉर्बनं अंगणातलं बर्फ उपसताना मोठ्यानं विचारला, हीच त्याची चूक. आमच्या आळीत पैसे उसने मागितले तर दारं बंद होतात, पण सल्ला नुसता मनात आणला तरी लोक फावडी टाकून धावत येतात.

"केस वाळवायचं यंत्र," एक म्हणाला.

"बर्फ लाव. आकसतो आणि सुटतो," दुसरा म्हणाला.

समोरच्या निवृत्त शाळामास्तरीणबाईंनी खिडकी उघडून "मेयोनीज!" एवढंच सांगितलं आणि खिडकी लावून घेतली.

शेजारचा व्हर्न हॅलोरन मात्र जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "पीनट बटर. त्यातलं तेल आत मुरतं. पण गुळगुळीत घे हां, दाण्यांचं घेऊ नकोस. माझ्या मेहुण्यानं दाण्यांचं घेतलं होतं." मेहुण्याचं पुढे काय झालं ते त्यानं सांगितलं नाही. नुसती मान हलवली.

आता एखाद्याला वाटेल, रंगाला पीनट बटर ही काय अक्कल? पण आमच्या देशात प्रत्येक घरात एक बरणी असते आणि प्रत्येक संकटात ती उघडली जाते. केसांत गम अडकला, पीनट बटर. कुत्र्याला गोळी द्यायचीय, पीनट बटर. पोराला उपास घडतोय, पीनट बटर. नॉर्बनं गॅरेजमधल्या रंगवलेल्या कपाटावर प्रयोग केला. रंग खरंच सुटला. म्हणजे निम्मा तेलानं सुटला आणि निम्मा कुत्र्यानं चाटला. पण कुत्र्याला सेंट झिटात नेणं शक्य नव्हतं. त्याचे ठसे कोण घेणार?

शुक्रवारी दुपारी नॉर्ब जाळी लावून, हात अभ्यासक्रमाप्रमाणे धुऊन स्वयंपाकघरात शिरला. पिरोगीच्या टेबलावर आयरीनबाई, हेलेनबाई आणि त्यांच्या वयाच्या चारदोन जणी पीठ मुडपत बसल्या होत्या. सगळ्यांनी मान वर करून त्याच्या जाळीकडे पाहिलं.

"छान दिसतोस," हेलेनबाई म्हणाल्या. "आमच्या पिठावर घालतो ते फडकं आठवलं."

नॉर्बनं मान खाली घालून फ्रिजचं दार पीनट बटरनं लिंपलं. वरपासून खालपर्यंत, कोपऱ्याकोपऱ्यात, भिंतीला गिलावा करावा तसं. आणि मुरायला ठेवून बाजूला उभा राहिला.

मुरलं. पण त्याआधी जिल्हा आरोग्य खात्याची तपासनीस आली. वर्षातून एकदा, न सांगता येते तशी. तरुण मुलगी, हातात तापमापक. तळणाच्या कढया बघितल्या, कोबी बघितला, खूश झाली. मग फ्रिजसमोर येऊन थांबली. जवळ गेली. वास घेतला.

"हे काय आहे?"

"पीनट बटर," नॉर्ब म्हणाला.

"बाहेरून?"

"आतून तर सगळेच लावतात," नॉर्ब म्हणाला. दाव्यांच्या खात्यात हा विनोद चालायचा.

तिला हसू आलं नाही. शेंगदाणा कित्येकांना विषासारखा चढतो, बाहेर हॉल भरत चाललाय, आणि इथे उघड्यावर भिंतभर शेंगदाणा! तिनं निकाल दिला, एकतर हा फ्रिज आत्ताच्या आत्ता स्वयंपाकघराबाहेर काढा आणि तिथे पुसा, नाहीतर कढया उतरवा.

लॉरेटाबाईंनी फक्त नॉर्बकडे पाहिलं. ब्याऐंशी वर्षांच्या बाईची ती नजर विम्यात कुठल्याच कलमाखाली येत नाही.

आतला कोबी टेबलाखाली गेला. गस हॉलमधून धावत आला. तो पुढून ओढणार, नॉर्ब मागून ढकलणार. "आस्ते, आस्ते! डावीकडे! माझ्या डावीकडे!" करत फ्रिज स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला, दारात शिरला आणि तिथेच थांबला. हा फ्रिज आला तेव्हा चौकट लाकडी होती. मधल्या काळात समितीनं लोखंडी बसवली होती, मजबूत आणि दोन बोटं अरुंद. समितीच्या अध्यक्षांनी हॉलच्या बाजूनं लाथ मारून बघितली. फ्रिज आणखी घट्ट बसला.

"मागे घे!" गस ओरडला.

"धरू कुठे? सगळी पकड तुझ्या बाजूला आहे!"

परिस्थिती अशी होती. फ्रिजच्या एका बाजूला मासा, दुसऱ्या बाजूला गाव. मध्ये फ्रिज, तोंड गावाकडे, पाठ नॉर्बकडे. मागच्या दारातून फिरून जावं तर सरोवरावरून आडवं बर्फ येत होतं, आणि लॉरेटाबाईंनी सांगून टाकलं, "माझा मासा बर्फात भिजणार असेल तर आधी मला पुरा." शेवटी तोडगा निघाला. फ्रिजच्या वर हातभर फट होती. तिच्यातून ताटल्या द्यायच्या. नॉर्ब स्टुलावर उभा राहून ताटल्या वर चढवू लागला, पलीकडून गस उतरवून घेऊ लागला. तपासनीस पलीकडे अडकली होती. तिनंही एक ताटली घेतली.

रांग आता थेट फ्रिजच्या दारासमोर उभी. भुकेल्या माणसाच्या हातांना काम नसलं की ते काहीतरी उचकटतात. कुणीतरी कागदी रुमालानं पीनट बटर पुसलं. रुमालाबरोबर रंगाचा एक पापुद्रा आला, उकडलेल्या बटाट्याची साल यावी तसा.

"अरे, इथे खाली काहीतरी आहे!"

नॉर्बच्या हातात ताटली तशीच राहिली.

"काळोखी!" कुणीतरी ओरडलं. "काळोखी पावडर!"

मग पलीकडे गोंधळ उडाला. प्लॅस्टिकचे चमचे, नखं, मोटारीच्या किल्ल्या, जे मिळेल त्यानं खरवडणं सुरू झालं. रांगेतले सगळे पिकल्या केसांचे पुरुष पुढे घुसले आणि हॉल एकदम पायऱ्यांसारखा ओरडू लागला. "कवळी!" "आहे!" "आजोबांचे मोजे!" "आहे, आहे!" "डासांचा मुरांबा!" "नाही! हा माझ्याकडे नव्हता!" मोटारविक्रेता हे शेवटचं वाक्य जांभई न देता बोलला. इतका तो भान हरपला होता.

आणि ज्याची ही सगळी दौलत, तो फ्रिजच्या पाठीमागे, जाळी लावून, धुळीनं भरलेल्या नळ्यांकडे तोंड करून स्टुलावर उभा. त्याला एकही दिसत नव्हता. तो टाचा उंचावून फटीतून ओरडत होता, "कप्तान बघा! कप्तान आहे का?"

पलीकडून गसचा आवाज आला, चर्चमध्ये बोलावं तसा.

"नॉर्ब... आहे."

"दाढी?"

"आहे."

"मासा वेगळा विकत घ्यावा?"

"घ्यावा," गस म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला.

नॉर्बला स्टुलावर बसावंसं वाटलं, पण तो त्यावर उभाच होता. आनंद झाला. मग आठवलं. मागे वळून बघितलं तर आयरीनबाई हातातला पिरोगी खाली ठेवून उभ्या होत्या. त्यांनी पीठ झटकलं आणि ताटल्यांचे नंबर पुकारायचा माइक त्याच्या हातात दिला.

"आई, जरा गर्दी कमी झाली की..."

"नॉर्बर्ट."

तो फटीतून गावाला दिसत होता तो फक्त नाकापासून वर. जाळीसकट. त्यानं घसा साफ केला. माइक शिट्टी वाजवून किंचाळला, त्यामुळे उरलेलं गावही वळून बघू लागलं.

"मी नॉर्बर्ट गोंडेक. ते सगळं माझं आहे. माझ्या आईनं... माझ्या आईनं माझी कार्डं फेकली नाहीत. ट्रंक नव्हती. गाणंही म्हटलं नव्हतं. मी सगळ्या गावाला सांगत सुटलो आणि तिला विचारलं नाही. आई, माझं चुकलं."

आयरीनबाईंनी मान डोलावली. डोळ्यांत काही आलं असेल तर ते पीठ असावं. एरवी खुर्चीत बारीकशा वाटणाऱ्या त्या, आता बसल्या तेव्हा जरा रुंद वाटल्या.

हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. कारण साठी उलटलेल्या प्रत्येक पुरुषाच्या मनात एकाच वेळी तोच विचार आला होता. नॉर्बच्या आईनं फेकली नसतील, तर आपल्या...?

फटीत गसचं तोंड आलं. डोळे ओले. "आई आहे का तिथे?"

हेलेनबाईंनी पिरोगी मुडपत विचारलं, "काय रे?"

"आई, मी पण जन्मभर... सगळ्यांना... मला काय माहीत, मीच कुठे चिकटवली असतील! माफ कर मला."

"केली, बाळा. जा, मासा खा."

गस बाजूला झाला. त्याच्या मागे लॉरेटाबाईंचा मुलगा टेड आला. त्याच्या मागे मोटारविक्रेता. बघता बघता फ्रिजसमोर पुन्हा रांग लागली, पण ताटल्यांसाठी नाही. एकेक जण फटीशी तोंड आणायचा, अलीकडे बसलेल्या आपल्या आईचं नाव घ्यायचा आणि हळू आवाजात कबूल व्हायचा. घटनेतून सूट असलेले फादर एमेका पिरोगी चाखायला म्हणून मघाशी आत आले होते आणि फ्रिजनं त्यांना इकडेच कोंडलं होतं. ते दोन्ही कोटांत हात घालून बघत राहिले.

"मी महिनाभर पापांची कबुली ऐकायच्या पेटीत बसतोय," ते नॉर्बला म्हणाले. "तिथे रांग नाही. उद्या तिथे फ्रिज ठेवतो."

शेवटचा मुलगा गेला. पलीकडे मासा खाण्याचा गलका सुरू झाला. अलीकडे पिरोगीच्या टेबलावर पुन्हा कडा मुडपणं सुरू झालं. मग हेलेनबाई खालच्या आवाजात म्हणाल्या,

"मी घर तापवायच्या भट्टीत घातली होती. मस्त पेटतात ती. पाठीमागच्या मेणकागदामुळे."

"मी कचऱ्याच्या गाडीत," दुसरी म्हणाली. "गाडी निघून चालली होती. मागे धावत गेले."

"मी नाही हो फेकली," लॉरेटाबाई म्हणाल्या. सगळ्यांनी आदरानं पाहिलं. "मी शेजारच्या पोराला दिली. तो नमस्कार करायचा. टेड करत नव्हता."

हसण्यानं टेबल हललं. पीठ उडालं. नॉर्बच्या डोक्यात दाव्यांचं अख्खं खातं जागं झालं. एवढ्या कबुल्या, साक्षीदार हजर, माइक हातात आणि चालू करायचं बटण अंगठ्याखाली! गावातल्या सगळ्या पुरुषांची अब्रू एका बोटावर होती. त्यानं आईकडे पाहिलं. आयरीनबाई त्याच्याकडेच बघत होत्या.

"काय ऐकलंस, नॉर्बर्ट?"

फादर एमेकांनी ओठांवर बोट ठेवलं. "मिस्टर गोंडेक, आडोशाच्या या बाजूला जे कानावर पडतं ते बाहेर जात नाही. हा नियम मी केलेला नाही."

नॉर्बनं माइक टेबलावर ठेवला. तेवढ्यात वरच्या फटीतून गसचा आवाज आला, कातर, लहान पोरासारखा.

"नॉर्ब! खरं सांग, लेका. आई रडतेय का रे?"

नॉर्बनं वळून बघितलं. हेलेनबाईंनी अख्खं तोंड एप्रनमध्ये खुपसलं होतं आणि त्यांचे खांदे गदगदा हलत होते.

"हो, गस," तो म्हणाला. "डोळे पुसतायत."